धनीबाईचा रांजण

कामरगावाहून धनजकडं जाताना टेकाडाच्या अंगाला जो तांडा होता, तिथं बँक म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे. बँक म्हणजे धनीबाई. कारंज्यात टेबलखुर्चीची, लोखंडी गजांची बँक होती म्हणे. पण तिथं तांड्यावरच्या बाईला बस म्हणणारं कोण होतं? धनीबाई निदान पाण्याचा तांब्या तरी पुढं करी.

हा व्यवहार तिनं काही हौसेनं मांडला नव्हता. लग्नानंतर थोड्याच वर्षांनी बैलगाडी उलटली, तीत तिचा पाय अधू झाला. पुढं नवरा हेमसिंग तापानं गेला. दिवाळी झाली की तांडा कापूस वेचायला, जिनात मजुरी करायला दूरदूर जायचा, तो होळीलाच परतायचा. लंगडी बाई कुठं जाणार? ती मागं राहायची. एका वर्षी कुणीतरी आपली चांदी तिच्याकडं ठेवून गेलं. ती जशीच्या तशी परत मिळाली, आणि पुढच्या दिवाळीला सगळा तांडा तिच्या दारात उभा राहिला. मोबदला म्हणून घरटी थोडी जवारी मिळे, तेवढ्यावर तिचं भागे.

रीत अशी, की प्रत्येकीनं आपले चांदीचे डाग कापडी थैलीत घालायचे आणि थैलीचं तोंड आपल्याच हातानं शिवायचं. तांड्यातल्या बाया सुईच्या पक्क्या. एकीचा टाका दुसरीला साधत नसे, म्हणून टाका हेच कुलूप. आत काय आहे ते धनीबाई विचारत नसे. घरातल्या भुईत पुरलेल्या रांजणात थैल्या जात. होळीला थैली परत देताना ती एवढंच म्हणे, "आपला टाका पायून घे बाई, मंग ने." आणि वर ताठ मानेनं पुस्ती जोडी, "आत काय हाये, मी कवाच पायलं नाई." याचा तिला गर्व होता. गर्वच तो, त्याला दुसरं गोड नाव देण्यात अर्थ नाही.

दर पौषात मात्र ती थैल्या बाहेर काढून अंगणात ऊन दाखवी. एकोणीसशे त्रेपन्न-चोपन्नच्या सुमाराला तिची जाऊ मोतीबाई बाळंतपणामुळं मागं राहिली होती. ती विहिरीवर बोलून गेली, "ऊन कायचं देते, एकेक थैली तोलून पायत असंल!" बोलणं धनीबाईच्या कानावर आलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आता मी हातच लावत नाई," असं म्हणून तिनं रांजणावर दगडी फरशी सरकवली, ती थेट होळीपर्यंत हलवली नाही. पुरलेल्या वस्तूला वारा-ऊन लागलं नाही तर उधई म्हणजे वाळवी लागते, हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण रुसून बसलेल्या माणसाला शहाणपण कोण शिकवणार!

होळी तोंडावर आली. होळीला तांड्यातली बाई अंगभर चांदी घालून नाचते, लेंगीची गाणी गाते; त्या दिवशी तिचा गळा मोकळा दिसला की घरादाराची अब्रू गेली. बाया चांदी मागायला येणार म्हणून धनीबाईनं फरशी सरकवली आणि आत हात घातला. रांजण बुडाशी तडकला होता. थैल्यांची माती झाली होती. एकही टाका शिल्लक नव्हता, आणि साऱ्या तांड्याची चांदी एकात एक मिसळून पडली होती.

तिनं नायक दौलतसिंगाला बोलावलं. तांड्याचा म्हातारा प्रमुख तो; रांजणात डोकावून त्यानं कपाळाला हात लावला.

"चांदी तं सारी हाये," धनीबाई म्हणाली. "पन कोनाची कोनती, मले नाई मालूम."

"काई तं अंदाज असंल?"

"मी कवाच पायलं नाई, नायक."

वर्षानुवर्षं मिरवलेलं वाक्य, पण आज ते गुन्हा कबूल केल्यासारखं निघालं.

मग लिंबाखाली घोंगडी अंथरली आणि चांदी तीवर ओतली. नायक म्हणाला, आपापलं ओळखा आणि उचला. सुरुवातीला बाया नीट वागल्या. मग हात भराभर चालू लागले, दोघी एकाच वाकीला धरून ओढू लागल्या. हासली म्हणजे गळ्यातलं जाड चांदीचं कडं. मोतीबाईनं एक नाही, दोन हासल्या उचलल्या. "एक माह्या मायची हाये," ती म्हणाली. तिच्या मायची हासली धनीबाईनं जन्मात पाहिली नव्हती. पण बोलणार कशी? थैलीत कधी न डोकावणाऱ्या बाईची साक्ष कोण धरणार?

सगळ्यांत मागं भुरीबाई होती. नवी सून, कुणाला ढकलून पुढं जाणं तिला जमलं नाही. तिची हासली केव्हाच कुणीतरी नेली होती; घोंगडीवर आता एकच हासली उरली होती, आणि तिला एका बाजूला खोल पोचा होता. गाडी उलटली तेव्हाचा तो पोचा. ही धनीबाईची स्वतःची हासली, हे सारा तांडा जाणत होता. हेमसिंग गेल्यापासून ती गळ्यात नव्हती. तिच्याच थैलीत, त्याच रांजणात होती. म्हातारपणाला तेवढाच आधार होता.

भुरीबाईची सासू मागं उभी होती. धनीबाईनं हासली उचलली.

"घे भुरी. तुहीच हाये."

भुरीनं पोच्याकडं पाहिलं, धनीबाईकडं पाहिलं. तिनं मान वाकवून हासली घातली. होळीला ती नाचली तेव्हा धनीबाई उंबऱ्यावर बसून बघत होती. मग आत जाऊन पोटभर रडली.

पुढच्या दिवाळीला तिच्या दारात कुणी आलं नाही. कुणी चांदी बरोबर नेली, कुणी कारंज्याच्या ओळखीच्या सोनाराकडं ठेवली. आली ती एकटी भुरी, तोंड शिवलेली थैली घेऊन.

"काकी, ठेवा."

"साऱ्यायनं बंद केलं, तू काहून आनली?"

"मी नाई केलं बंद."

होळीला मात्र तिनं थैली नेली नाही. "राहू द्या तुमच्यापाशीच," म्हणाली. दर होळीला तेच. मोकळ्या गळ्यापायी सासू तिला बोल लावी, ती ऐकून घेई. पोरगी आपल्यावर दया करून राह्यली, असं धनीबाईला वाटे आणि ते तिला टोचे. तरी दर पौषात ती एवढीशी थैली अंगणात, सगळ्यांदेखत, उन्हात ठेवी आणि शेजारी बसून राही.

आता जवारी एका घरची. शेळी विकली, पितळी घागर मोडली. एकदा तर घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती. तेव्हा मोतीबाईच, काय मनात आलं कोण जाणे, म्हणाली, "हे थैली तं हाये. उसव, मोडून खाय. भुरी काई म्हननार नाई."

"टाका माहा नाई," धनीबाई म्हणाली.

दशक सरत आलं असताना, होळीच्या आठवडाभर आधी ती गेली. तांडा नुकताच परतला होता. मोतीबाईनं कोनाड्यातली थैली आणून भुरीच्या हातात दिली. "तुही अमानत."

भुरी प्रेताजवळ बसली. आपलाच टाका तिनं दातांनी तोडला आणि आतली हासली काढून धनीबाईच्या छातीवर ठेवली. पोचा वरच्या अंगाला होता. मोतीबाईनं तो ओळखला.

"परत देली असती तं घेतली नसती त्यायनं," भुरी म्हणाली. "साऱ्याइसमोर तुहीच म्हनून देली व्हती. म्हनून थैलीत शिवून आनली. मले वाटलं, नड पडंल तवा तरी उघडून पायतीन."