नव्या माशासाठी वेगळी बरणी

आमच्या गिरगावच्या दोन खोल्यांत, स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या कडाप्प्यावर, समुद्र होता. असं काका म्हणायचा. आई त्याला ‘ती पेटी’ म्हणायची. कडाप्प्याच्या एका टोकाला बोंबील साफ व्हायचे आणि दुसऱ्या टोकाला तीन मासे काचेआडून ते बघत फिरायचे. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

काका माझगावच्या गोदीत फिटर होता. पेटी त्यानेच बनवलेली: लोखंडी अँगलची चौकट, चारी बाजूंना जाड काच, फटींत लांबीचा लगदा भरून वर रंगाचे तीन हात. खारं पाणी चौपाटीच्या पुढच्या खडकांकडून भरतीच्या वेळी चिनी मातीच्या दोन बरण्यांतून यायचं. पाण्यात हवा सोडायला मोटारीच्या चाकाची जुनी ट्यूब होती. ती सायकलच्या पंपाने फुगवायची, तोंडाला बारीक रबरी नळी लावायची, नळीला चिमटा. दिवसभर बुडबुडे चालायचे. मासे आमच्या नेहमीच्या कोळणीने दिलेले, खडकांतल्या डबक्यांत सापडलेले. दोन पिवळे, अंगावर काळे पट्टे असलेले, आणि एक चपटा चंदेरी. शिवाय तळाच्या वाळूत शंखातला एक खेकडा.

गोदीत पत्र्यांवर घण मारून मारून काकाचे कान गेले होते. पूर्ण नाही, निम्मे. त्याच्याशी बोलायचं तर प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागे, आणि लोक दुसऱ्यांदा सांगताना चिडत. म्हणून त्याने बोलणंच कमी केलं होतं. कामावरून आला की चहाचा कप घेऊन पेटीसमोर बसायचा. तिथे त्याला कुणी काही दोनदा सांगत नव्हतं. आम्हाला मात्र तो सगळ्यालाच ‘बरं’ म्हणायचा, ऐकू आलं असो वा नसो.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला सगळं माहीत होतं. माझं अक्षरज्ञानच पत्रकांवर झालेलं. बाबा छापखान्यात कंपोझिटर, त्यामुळे बिघडलेली पत्रकं गठ्ठ्याने घरी यायची. पाठकोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायची आणि छापलेली बाजू पाठ करायची. चाळीच्या दारातल्या फळ्यावर चळवळीच्या बातम्या खडूने लिहायचं काम माझ्याकडे होतं. ‘झालाच पाहिजे’ मी इतकं झोकात लिहायची की वाण्याची माणसंसुद्धा थांबून वाचायची.

पहिला हल्ला गणपतीच्या सुमारास झाला. माशांच्या अंगावर आणि कल्ल्यांवर पांढरे ठिपके उठले, कुणी रवा भुरभुरावा तसे. मासे दगडाला अंग घासू लागले.

“उवा झाल्यात त्यांना,” आई म्हणाली.

माझं निदान जास्त खोलवर गेलेलं होतं. समुद्रात गटारं सोडणारी नगरपालिका, तिच्यामागे गिरणीमालक, त्यांच्यामागे दिल्ली. त्या दिवसांत मला चहात साय आली तरी तिच्यामागे दिल्ली दिसायची. काकाने निम्मं पाणी बदललं, आणि चौथ्या दिवशी ठिपके गेले. मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं : ‘खोली नंबर अकरामधील मासे रोगमुक्त. संघटित प्रयत्नांचा विजय.’

बारा दिवसांनी ठिपके परत आले, दुप्पट.

“काय गं,” बाबा म्हणाले, “विजयाची बातमी पुसू, की खाली चूकदुरुस्ती छापू?”

दिवाळीपर्यंत असं तीनदा झालं. ठिपके यायचे, जायचे, आम्ही सुस्कारा टाकायचो, आणि ते वाढीव संख्येने हजर व्हायचे. तिसऱ्या खेपेला पिवळ्यांपैकी एक मेला. तो सकाळी चहाचं आधण ठेवताना आईला दिसला. ती पापलेट एका हाताने तळणारी बाई, पण त्या बोटभर माशाकडे बघून तिने आधण उतरवून ठेवलं.

“भावजी,” ती मोठ्याने, काकाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “खायचा मासा मेलेलाच येतो घरी, त्याचं मला काही नाही. पण रोज ज्याच्यासमोर मी पोळ्या लाटते तो मेलेला मला बघवत नाही. आता आणखी एक मेला, की ही पेटी इथून हलली. सांगून ठेवते.”

हे तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. काकाचा चेहरा मी पाहिला.

त्या रविवारी तो मला घेऊन समुद्रकाठच्या मत्स्यालयात गेला, कारण तिथल्या माणसाचं बोलणं त्याच्या कानात ओरडून सांगायला कुणीतरी हवं होतं. टाक्या साफ करणारे एक वयस्क गृहस्थ होते. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“ठिपका गेला म्हणजे रोग गेला असं समजलात ना? सगळे तिथेच फसतात. तो ठिपका म्हणजे किडा. पोट भरलं की तो माशावरून गळतो, खाली वाळूत बसतो, एकाचे शंभर होऊन परत वर येतो. तुम्ही आनंद करता तेव्हा तो खाली पिल्लं काढत असतो.”

“मग करायचं काय?” मी विचारलं.

“नवं पाणी आणलंत की दोन-तीन आठवडे झाकून, अंधारात ठेवा. मासा नसला की किडा उपाशी मरतो. आणि नवा मासा आला तर त्याला आधी तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवायचं. थेट सगळ्यांत सोडायचं नाही.”

मी हे सगळं काकाच्या कानात ओरडले. शेवटचं वाक्य सोडून. ते मी घरी जाताना सांगितलं, माझ्या भाष्यासकट.

“काका, वेगळं भांडं म्हणे! नवा आला म्हणून वेगळं भांडं! कुठून आला, कुणाला शिवला, याची चौकशी करून मग आत घ्यायचं? आपल्या घरात हे चालणार नाही. बाबा ज्याविरुद्ध पत्रकं जुळवतात, तेच आपण कडाप्प्यावर करायचं?”

“बरं,” काका म्हणाला.

मी त्याला पटवलं, असं मी समजले.

पंधरा दिवसांनी कोळणीने तांब्यातून एक मासा आणून दिला, निळसर, अंगठ्याएवढा. संध्याकाळी मी कॉलेजातून आले तर तो कडाप्प्याखाली एका बरणीत होता. बरणीवर काकाच्या फिटरी अक्षरांत चिठ्ठी : ‘हात लावू नये.’

हे तीन शब्द माझ्यासमोर ठेवायला नको होते. त्यापेक्षा त्याने नुसती बरणी लपवली असती तर मी आज वेगळी गोष्ट सांगत असते. काका पाळीवर होता, आई भाजी आणायला गेलेली. मी चिठ्ठी फाडली, बरणी उचलली आणि त्या निळ्याला मोठ्या समाजात सामील करून घेतलं. तो खूश दिसला. मीही होते. काका आला, त्याने रिकामी बरणी पाहिली, पेटी पाहिली, माझ्याकडे पाहिलं. मी पाचेक मिनिटं बोलले. तो ‘बरं’ म्हणाला नाही, एवढंच.

दहाव्या दिवशी ठिपके आले. तेराव्या दिवशी पहाटे नळाचं पाणी भरायला उठले, तर चंदेरी तळाशी आडवा पडलेला.

पुढे मी जे केलं ते कुठल्याच पत्रकात बसत नाही. मी तो मासा बाहेर काढला, नागरिकांनी निर्भयपणे सत्य बोलावं असं आवाहन करणाऱ्या एका पत्रकात गुंडाळला आणि कचऱ्याच्या डब्यात अगदी खाली दडपला. आई उठायच्या आत.

“चंदेरी दिसत नाही गं,” आई चहा गाळताना म्हणाली.

“दगडामागे असेल.”

संध्याकाळीही तो दगडामागे होता. दुसऱ्या दिवशीही. काका पेटीसमोर बसून त्या दगडाकडे बघत होता. त्याने एकदाही दगड हलवून पाहिला नाही. त्यावरून मला कळलं की त्याला कळलंय, आणि वहिनींनी विचारलं तर आपल्याला खोटं बोलता येणार नाही म्हणून तो माझ्याआड लपलाय. मी भाषणं करून ज्याचं हित साधत होते, त्याला मी तोंड लपवायला लावलं होतं.

तिसऱ्या दिवशी माझी मैत्रीण पत्रकं न्यायला आली. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, परळच्या चाळीत राहणारी, तिथल्याच इस्पितळात तापाच्या वॉर्डात नर्स. तिच्या घरच्यांनी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि सभेत ती बोलायला उभी राहिली की मी वहीत टिपून घ्यायची. तिने पेटीत वाकून पाहिलं आणि विचारलं, “याला गोवर आलाय का गं?”

मी तिला गॅलरीत नेऊन सगळं सांगितलं. वेगळ्या भांड्याचं तत्त्व जरा सविस्तर सांगितलं, कारण ते तिला आवडेल अशी खात्री होती.

ती कठड्याला टेकून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“पुढारीणबाई, तुला कुणी सांगितलं ही शिवाशीव आहे म्हणून?”

“वेगळं भांडं...”

“वेगळं भांडं! माझ्या आजीचं होतं वेगळं भांडं. जन्मापासून मरेपर्यंत. कसला रोग होता गं तिला? आणि माझ्या वॉर्डात देवीचा पेशंट येतो, त्यालाही वेगळं ठेवते मीच. ब्राह्मण असला तरी ठेवते. महिन्याने बरा होतो, घरी जातो, पंगतीत जेवतो. तुझा तो निळा तीन आठवड्यांनी पंगतीलाच बसणार होता ना? त्याला आणि माझ्या आजीला एका ओळीत बसवू नकोस. आजी रागावेल.”

मी कठड्यावरचा रंग नखाने खरवडायला लागले.

“मासा मेला हे काकूंना सांगितलंस?”

“दगडामागे आहे.”

“चल आत.”

मी आईला सांगितलं. बरणी, चिठ्ठी, कचऱ्याचा डबा, सगळं. काकाला ऐकू जावं म्हणून मोठ्याने सांगावं लागलं, त्यामुळे ते अख्ख्या मजल्याला कळलं. आईने पोळपाट बाजूला ठेवला. मला सोडून ती काकाकडे वळली.

“भावजी, मी काय म्हटलं होतं?”

“पेटी हलवायची,” काका म्हणाला. आणि खरोखरच उठून ट्यूबचा चिमटा बंद करायला लागला.

“थांबा हो,” माझी मैत्रीण म्हणाली. “काकू, पेटी तशीही रिकामीच करायची आहे. मासे बाहेर काढा, मत्स्यालयातल्या त्या माणसाला विचारून औषधाच्या पाण्यात ठेवा. पेटी पाण्यासकट राहू दे; त्याने तीन आठवडे सांगितले, आपण दुप्पट, सहा धरू. किडा उपाशी मरेल. मग ठरवा.”

आईने पोळपाट पुन्हा पुढ्यात ओढला. “सहा आठवडे,” ती म्हणाली. “नंतर एक जरी ठिपका दिसला तर मी कुणाचं ऐकणार नाही. नर्सचंही नाही.”

उरलेला पिवळा आणि तो निळा घमेल्याएवढ्या एका चिनी मातीच्या भांड्यात गेले. मत्स्यालयातल्या गृहस्थांनी सांगितलेल्या मापाने काका त्यात औषध म्हणून चिमटीहूनही कमी मोरचूद घालायचा, श्वास रोखून. पेटीत राहिला एकटा शंखातला खेकडा. त्याला तो किडा लागत नाही आणि मोरचूद सोसत नाही, म्हणून त्याला तिथेच ठेवायला सांगितलं होतं. तो अपक्ष उमेदवारासारखा एकटाच सगळ्या मतदारसंघातून फिरत होता.

भांड्यातलं पाणी बदलायचं काम मी मागून घेतलं. चाळीभर मागून बरण्या जमवल्या; आठवड्यातून दोनदा खडकांकडून दोन बरण्या आणायच्या, त्या झाकून पलंगाखाली अंधारात ठेवायच्या आणि आधीच्या, मुरलेल्या बरण्या वापरायच्या. एकदा चर्नी रोडजवळ हवालदाराने हटकलं. दारूबंदीचे दिवस, आणि मी तोंडाला फडकं बांधलेल्या दोन बरण्या छातीशी धरून निघालेली.

“काय आहे त्यात?”

“समुद्राचं पाणी.”

“कशाला?”

“माशांना रोग आलाय.”

“तरुण मुलगी, आणि हातभट्टीचा धंदा?” त्याने फडकं सोडलं, वास घेतला, समाधान झालं नाही म्हणून बोट बुडवून चाटलं. मग तोंड असं केलं की मला चळवळीतल्या सगळ्या लाठ्यांची भरपाई झाल्यासारखं वाटलं.

“जा,” तो म्हणाला. “आणि माशांना डॉक्टरकडे न्या.”

काका मात्र रोज कामावरून येऊन त्या रिकाम्या पेटीसमोरच बसायचा. ट्यूब फुगवायचा, चहा प्यायचा, बघत राहायचा. शेजारचे डोकावून विचारायचे, “काय दिसतंय?”

“रोग मरतोय,” काका म्हणायचा. “हळू मरतो.”

मी एकदा त्याच्या शेजारी बसले. माफी मागायची होती. त्याच्या कानाशी तोंड नेलं, आणि मग वाटलं, हे ओरडून कसं सांगायचं? थोड्या वेळाने त्याने आपल्या बशीतला चहा माझ्याकडे सरकवला.

सहा आठवडे झाले. काकाने दोघांना मोठ्या पेटीत सोडलं. पिवळ्याची कल्ल्याजवळची एक कड झिजलेली होती, पण तो जिवंत होता. त्यानंतरचे दिवस सगळ्यांत लांब गेले, कारण आता आम्हाला माहीत होतं की स्वच्छ अंग म्हणजे काहीच नाही. चौथा दिवस गेला, दहावा गेला. बारावा दिवस उजाडला तेव्हा काका पेटीकडे न बघताच कामावर गेला. आई मात्र रोज चष्मा लावून दोघांना दोन्ही बाजूंनी तपासत होती, तांदूळ निवडताना बघतात तसं. कुणी विचारलं तर म्हणायची, “मी काही बघत नाही. पीठ शोधतेय.”

विसाव्या दिवशी संध्याकाळी काका चहा घेऊन बसला. आई कणीक मळत होती. ती हात न थांबवता मोठ्याने म्हणाली, “भावजी, त्या काचेवर मीठ चढलंय बघा किती. पुसून घ्या जरा. पोळ्या लाटताना मला काही दिसत नाही.”

काका उठला आणि सदऱ्याच्या बाहीने काच पुसायला लागला.

“सदऱ्याने नको हो,” आई म्हणाली. “थांबा, फडकं देते.”