एर्सिलियाची लांब गादी

लुरास्को गावात लाकडाचा भुसा उडत नाही असं घर शोधून सापडायचं नाही. कोणी खुर्चीचे पाय करतं, कोणी पाठ, कोणी वेत विणतं, कोणी पॉलिश मारतं. एर्सिलिया ब्रांबाती मात्र गाद्या करायची. आई करायची, आईची आई करायची, म्हणून तीही. जुन्या गादीची खोळ उसवायची, आतली लोकर काढून धुवायची, उन्हात वाळवायची आणि मग अंगणातल्या खिळ्यांच्या बाकावर पिंजायची. बाकाची वरची फळी झोपाळ्यासारखी पुढेमागे ढकलत राहिलं की दगडासारखी झालेली लोकर ढगासारखी होऊन खाली पडायची.

पण ऐंशी साल उलटलं आणि गावात स्प्रिंगांच्या गाद्या शिरल्या. कारखान्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळून यायच्या, उसवायला नको, पिंजायला नको. एर्सिलियाकडे वर्षाला चार गिऱ्हाइकं उरली, तीही सत्तरीच्या पुढची. सत्तावन्नाव्या वर्षी तिने बाक विकायला काढला. मिलानचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी तो दिवाणखान्यात शोभेला ठेवणार होता. सप्टेंबरातल्या एका मंगळवारी तो येऊन घेऊन जायचा, असं ठरलं.

सोमवारी तिचा धाकटा भाऊ अँब्रोजो धापा टाकत अंगणात आला. अँब्रोजो पलंग करायचा आणि उरलेल्या वेळात बास्केटबॉलचा विचार करायचा. खरं तर उलटंच. गावाच्या संघाने आदल्या वसंतात इटलीचं विजेतेपद मिळवलं होतं. त्यामुळे यंदा लुरास्को, नऊ हजार वस्तीचं गाव, युरोपातल्या विजेत्या क्लबांच्या चषकासाठी खेळणार होतं. माद्रिद, मॉस्को, झाग्रेब आणि लुरास्को! हे चार शब्द एका दमात म्हणताना अँब्रोजोच्या डोळ्यांत पाणी यायचं.

एर्सिलियाला त्या खेळाचं मुळीच कौतुक नव्हतं. "दहा बाप्ये घामाघूम होऊन टोपलीत चेंडू टाकतात," ती म्हणायची, "आणि टोपलीला बूडच नाही! बुडाशिवायची टोपली शहाणी माणसं फेकून देतात."

"एर्सिलिया, आमच्या संघातला तो अमेरिकन मरतोय," अँब्रोजो म्हणाला.

"कसल्या दुखण्याने?"

"पाठीच्या. रोज जमिनीवर झोपतो. पलंगावर झोपला तर गुडघ्यापासून पाय बाहेर. मी दोन मीटर चाळीसचा पलंग करून दिला, पण त्याला गादी कुठे मिळतेय? कारखान्याच्या दोन जोडून टाकल्या, तर तो मधल्या फटीत जातो. शनिवारी खेळताना त्याला वाकताच येईना. बूट शेजारच्या खेळाडूने बांधून दिले."

"माझा बाक उद्या जातोय."

"उद्या ना? मग आज आहे!"

त्याला आणलंच त्याने दुपारी. डेल्बर्ट पिकेट. दोन मीटर चौदा. दारातून आत येताना त्याने मान वाकवली आणि वेदनेने तोंड वाकडं केलं. एर्सिलियाने ते तोंड पाहिलं आणि तिचा निम्मा विरोध तिथेच गळाला. तिने अंगणात चादर अंथरली आणि खूण केली, "झोप."

तो झोपला. चादर गुडघ्यांपर्यंतच पुरली. चार बायका गॅलरीतून बघत होत्या, त्या हसायला लागल्या. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण या बिचाऱ्याने पाय ठेवायचे तरी कुठे? एर्सिलिया गुडघ्यावर बसली आणि मानेपासून माकडहाडापर्यंत मणका न् मणका बोटांनी चाचपत गेली.

"विचार त्याला, कुशीवर झोपतो की उताणा?"

अँब्रोजोला इंग्रजीचा गंध नव्हता. त्याने दोन्ही हात गालाखाली धरून डोळे मिटले, मग उताणा पडून घोरून दाखवलं. पिकेट खो-खो हसला, कण्हला आणि कुशीवर वळला.

"कुशीवर," एर्सिलिया म्हणाली. "म्हणजे खांद्याला मऊ, कमरेला घट्ट. बत्तीस किलो लोकर लागेल. कुठून आणू?"

गॅलरीतल्या बायकांनी ती आणली. माळ्यामाळ्यांवर सासवांच्या, आजेसासवांच्या गाद्या पडून होत्या. संध्याकाळपर्यंत अंगणात लोकरीचा ढीग लागला. औषधवाल्याची बायको पाल्मिरा तर आपली लग्नातली गादीच उसवून घेऊन आली. "निम्मी घे. त्याच्या बाजूची घे," ती म्हणाली. "तीस वर्षं घोरतोय त्यावर. आता जमिनीवर घोरेल."

मंगळवारी मिलानचा व्यापारी आला तेव्हा एर्सिलिया पिंजत होती. केसांत, भुवयांत, सगळीकडे लोकर. "बाक कामात आहे," तिने मान वर न करता सांगितलं. तो पुढच्या आठवड्यात आला, तेव्हाही तेच. मग त्याने नाद सोडला.

शुक्रवारी काठ शिवायला चार बायका बसल्या. दाभण हातभर लांब, सुतळी मेण लावलेली. शनिवारी सहा जणांनी गादी डोक्यावर घेऊन पिकेटच्या घरी पोचवली. सोमवारी सकाळी नऊच्या सरावाला पिकेट आला नाही. साडेनऊला नाही, दहाला नाही. प्रशिक्षक स्वतः गेला आणि दार बडवत राहिला. अकराला दार उघडलं. पिकेट सरळ उभा होता आणि चौकटीला डोकं आपटल्यावरही हसत होता. तेरा तास झोपला होता तो.

गुरुवारच्या माद्रिदविरुद्धच्या सामन्याचं एक तिकीट त्याने एर्सिलियाला आणून दिलं, सोबत हातभर लांबीचा फुलांचा गुच्छ. न जाणं शोभलं नसतं. ती काळा कोट घालून, पर्स मांडीवर घट्ट धरून चौथ्या रांगेत बसली. चेंडू कुठे चाललाय तिकडे तिचं लक्षच नव्हतं. ती पिकेटची पाठ बघत होती. तो वाकला की ती पुढे झुकायची, तो उडाला की श्वास रोखायची, खाली सुखरूप आला की सोडायची. मध्यंतरात अँब्रोजोने विचारलं, "कसं वाटतंय?"

"डावा खांदा अजून आखडतोय," ती म्हणाली. "उद्या गादीची तिथली एक गाठ सैल करते."

दुसऱ्या अर्ध्यात माद्रिदच्या एका दांडगटाने पिकेटच्या पाठीत कोपर मारलं. पंचाची शिट्टी वाजली नाही. एर्सिलिया ताडकन उठली, पर्स खाली पडली.

"अरे ए शिट्टीवाल्या! माझ्या आठवडाभराच्या कामावर कोपर मारतो तो, आणि तू बघत बसतोस?"

आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवायला लागले. त्या दिवसापासून चौथ्या रांगेतली ती जागा तिची झाली.

त्या हिवाळ्यात लुरास्कोने घरचा एकही सामना गमावला नाही. बाहेर गेलं की मात्र गाडी घसरायची. मॉस्कोत हरले, तेल अवीवला हरले, झाग्रेबला तर वीस गुणांनी. बारमध्ये पत्ते कुटताना या प्रश्नाचा खल चालायचा. कोणी हवेला दोष द्यायचं, कोणी परक्या जेवणाला. एर्सिलिया कॉफी घ्यायला आत आली तेव्हा अँब्रोजोने तिचं मत विचारलं.

"हॉटेलच्या पलंगावर पाय पोटाशी घेऊन झोपतो पोर," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी तुम्हाला काय उड्या मारून दाखवणार?"

एवढी सोपी गोष्ट कोणाच्या टाळक्यात शिरली नव्हती.

तरीही घरच्या विजयांच्या जोरावर संघ शेवटच्या सहा संघांत दुसरा आला आणि अंतिम सामन्यात पोचला. मार्चमध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला, झाग्रेबशीच गाठ. गावाने सात बस केल्या. पहिल्या बसच्या टपावर ताडपत्रीत गुंडाळून, दोर आवळून गादी बांधली होती. संघ दोन दिवस आधीच गेला होता. गादी आणि तिची मालकीण सामन्याच्या आदल्या दिवशी निघाली. एर्सिलियाने आयुष्यात पहिल्यांदा देशाबाहेर पाऊल टाकलं.

टाकलं म्हणजे, टाकणार होती. कियासोच्या नाक्यावर स्विस जकात अधिकाऱ्याने बस थांबवली. तरुण माणूस, कडक इस्त्री, मिशी नुकती कोरलेली.

"वर काय आहे?"

"गादी," अँब्रोजो म्हणाला.

"स्वित्झर्लंडमध्ये गाद्या मिळत नाहीत?"

"एवढ्या लांब नाही मिळत."

त्या नाक्यावरून सिगारेटी, चॉकलेट, घड्याळं, काय काय आणि कशाकशात लपवून जायचं ते अधिकाऱ्याला पाठ होतं. त्याने गादी खाली घ्यायला लावली आणि लोखंडी सळई मागवली. तेवढ्यात एर्सिलिया बसमधून उतरली.

"सळई खुपसलीस तर गाठ माझ्याशी आहे. पिंजलेल्या लोकरीला भोक पाडतात का कधी? आईने काही शिकवलं नाही?"

"सिन्योरा, आत काय आहे ते मला बघावं लागेल."

"मग मी उसवते. पण परत शिवून होईपर्यंत तू हलायचं नाहीस. सुतळी धरायची. कबूल?"

अधिकाऱ्याने मागे पाहिलं. बसमधले पन्नास जण खिडक्यांतून त्याच्याकडे बघत होते. "कबूल," तो म्हणाला.

तिने एका बाजूचे टाके कापले. त्याने बाही सरसावून कोपरापर्यंत हात आत घातला, चाचपला आणि थांबला. हात बाहेर आला तो कापडाची एक पुरचुंडी घेऊन. अँब्रोजोचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. अधिकाऱ्याने पुरचुंडी उलगडली. आत संत अंतोनीचं छोटं चित्र होतं आणि वाळलेली ऑलिव्हची डहाळी.

एर्सिलियाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "पाठीसाठी आहे ते," ती पुटपुटली. "मी ठेवलंय."

त्याने पुन्हा हात घातला. दुसरी पुरचुंडी! हिच्यात संत रीता. बसमधून पाल्मिराचा आवाज आला, "ती माझी." मग तिसरी निघाली, चौथी निघाली, पाचवी निघाली. काठ शिवायला बसलेल्या एकूणएक बाईने, दुसरीला कळू न देता, आपापला संत आत सरकवला होता. शेवटी अगदी मधोमधून संघाचा निळा-पांढरा झेंडा निघाला, हातरुमालाएवढा.

"हा कोणता संत?" अधिकाऱ्याने विचारलं.

अँब्रोजोने मुकाट्याने हात वर केला. सगळी बस हसून लोळायला लागली. अधिकाऱ्यानेही ओठ घट्ट दाबून धरले होते, पण मिशीने दगा दिला.

"आता यावर जकात किती लावू?" तो म्हणाला. "पाच संत आणि एक झेंडा असं काही कोष्टकात नाही."

मग तो खरोखरच अर्धा तास सुतळी धरून उकिडवा बसला आणि एर्सिलिया शिवत राहिली. बसमधून सलामीचे काप, पाव आणि वाईनच्या बाटल्या खाली उतरल्या. मागच्या मोटारींतल्या खोळंबलेल्या लोकांनाही वाटल्या गेल्या. आपल्या आजीकडे अशीच गादी होती, दर मे महिन्यात ती अंगणात उसवायचे, असं त्याने सांगितलं. गादी टपावर चढवायला त्यानेच खालून खांदा दिला.

"जिंका आता," तो म्हणाला. "नाहीतर परतीच्या वाटेवर पुन्हा उसवेन."

पिकेट त्यांची वाट बघत हॉटेलच्या दारातच उभा होता. गादी जिन्यावरून चढवायला आठ जण लागले. तो तिच्यावर आडवा झाला तो थेट सकाळपर्यंत.

सामन्यात त्याने पहिल्यापासून धुमाकूळ घातला. पण सहा मिनिटं उरली असताना पाचवा फाउल झाला आणि त्याला बाहेर बसावं लागलं. लुरास्को चार गुणांनी पुढे होतं. त्याच्या जागी कोर्बेता नावाचा गावचाच खेळाडू आला. सकाळी वार्निश लावायचा, संध्याकाळी सराव करायचा. अँब्रोजोने डोळे झाकून घेतले. "सांग मला," तो म्हणाला.

"अरे पण मला काय कळतं?"

"दिसेल ते सांग!"

आणि एर्सिलियाने सांगितलं. "तो उंच आला. कोर्बेताला ढकलतोय. कोर्बेता हलत नाही. शाब्बास! चेंडू आपल्याकडे. अरे टाक ना, टाक! गेला... नाही गेला. त्यांनी टाकला. बरोबरी झाली. अँब्रोजो, माझा हात सोड, मोडेल. आता कोर्बेताकडे आहे. हा काय करतोय? टाकतोय! अगं बाई, टाकला!"

आवाज छतापर्यंत गेला. अँब्रोजोने डोळे उघडले तेव्हा फलकावर लुरास्को दोन गुणांनी पुढे होतं आणि घड्याळात शून्य. त्याची बहीण खुर्चीवर उभी राहून अनोळखी जर्मन माणसाच्या टोपीवर पर्सने थापा मारत होती. खाली पिकेट कोर्बेताला काखेत घेऊन मैदानभर फिरवत होता.

परतताना कियासोला त्याच अधिकाऱ्याने सातही बस न थांबवता सोडल्या आणि हातातला निळा-पांढरा रुमाल हलवला. तो त्याला कोणी, कधी दिला, हे अँब्रोजोने आजतागायत कबूल केलेलं नाही.

उन्हाळ्यात पिकेट अमेरिकेला परत गेला. विमानतळावर त्याने एर्सिलियाला उचलून घेतलं तेव्हा तिने पहिल्यांदा लुरास्कोच्या प्रशिक्षकाचं टक्कल वरून पाहिलं. बातमी मात्र पसरली होती. संघाच्या पाच जणांनी गाद्या करून घेतल्या, मग वरेझेच्या एका खेळाडूने, मग बोलोन्याच्या. मागणी पुरी करता येईना, तेव्हा पाल्मिरा पिंजायला बसू लागली. आणि पुढच्या सप्टेंबरात माद्रिदहून पत्र आलं. कोपर मारणाऱ्या त्या दांडगटाचं! त्याचीही पाठ गेली होती.

"शत्रूला गादी?" अँब्रोजो ओरडला. "मी पलंग करणार नाही, आधीच सांगतो!"

"नको करूस. त्यांच्याकडे सुतार नाहीत का?" एर्सिलिया म्हणाली आणि मापं वाचायला चष्मा शोधू लागली.

गादी गेली. जानेवारीत माद्रिदचा संघ लुरास्कोला आला, त्या माणसाने एकट्याने एकतीस गुण केले आणि लुरास्को तीन वर्षांत पहिल्यांदा घरच्या मैदानावर हरलं. अँब्रोजो आठ दिवस बहिणीशी बोलला नाही. नवव्या दिवशी रविवार होता. एर्सिलियाने केशराचा भात केला होता; वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला. अँब्रोजो आला, बसला आणि ताट पुढे सरकवलं.

"भरपूर वाढ," तो म्हणाला. "गुरुवारी मॉस्कोशी सामना आहे, ओरडायला ताकद लागेल."