पहिली गायीची, शेवटची कुत्र्याची

चंदनबालाच्या आणि माझ्या परसांच्या मध्ये कमरेएवढी एक भिंत आहे. लग्न होऊन या गावात आल्यापासून त्या भिंतीवरून आम्ही विरजण, कोथिंबीर आणि नवऱ्यांच्या तक्रारी एकमेकींना देत आलोय. गाव आष्ट्याजवळचं. परस संपलं की लगेच ऊस. माझा नवरा फौजेत, मुलगी साक्षी कराडला कॉलेजात, आणि घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. त्यामुळे बोलायला मला चंदन आणि भांडायला सगळं गाव. लोक मला तोंडाळ म्हणतात. म्हणू देत. तोंडाळ होते म्हणूनच त्या दिवशी भिंत ओलांडली.

चंदनचं घर जैनांचं. सासरे बाळगोंडा, ज्यांना सगळी गल्ली आण्णा म्हणते. नवरा भरतेश, त्याचं आष्ट्यात ठिबकच्या पाइपांचं दुकान. थोरला अरिहंत शाळा-क्लासच्या चक्रात, आणि धाकटी ब्राह्मी, जी अजून चपला उलट्या घालते. दिवस बुडाला की त्या घरात कुणी खात नाही. तो त्यांचा नियम, आणि चंदन त्याला फार जपते. भरतेश दुकानातून येणार, अरिहंत क्लासहून येणार, आणि मग दिवस उसाच्या तुऱ्यांना टेकायच्या आत चुलीवर तवा, तव्यावर भाकरी, भाकरी थेट ताटात. तिच्या घरात गार भाकरी कुणी खाल्लेली मी पाहिली नाही. पहिली भाकरी गायीची, शेवटची कुत्र्याची, अशी तिच्या सासूची शिकवण. सासू गेली, शिकवण राहिली.

आणि मधल्या भाकरी घरच्यांच्या. सगळ्यांचं उरकून तिनं हात धुतला की बाहेर बघायची. दिवस बुडालेला असायचा. उरलंसुरलं झाकून ठेवायची, पाणी प्यायची आणि भांडी घासायला बसायची. सकाळी परत डबे, धारा, शाळा, आण्णांची औषधं. हातातल्या चहाच्या कपावर साय धरायची. "जेवलीस का?" असं कुणी विचारलं की "व्हय, झालं," म्हणायची. आमच्याकडं या प्रश्नाला दुसरं उत्तरच नाही. विचारणाराही उत्तर ऐकायला थांबत नाही. देवळात बायका म्हणायच्या, चंदनबालेचं व्रत म्हणजे व्रत. मलाही कौतुकच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पौषातली गोष्ट. दिवस लवकर मावळायचे. मी घेवड्याच्या शेंगा तोडत होते, तर भिंतीपलीकडं धुण्याच्या दगडावर चंदन बसलेली दिसली. पाठमोरी. जांभळी साडी, केस मोकळे सोडलेले, सावकाश विंचरत होती. कडुलिंबाची सावली दुपारपासून त्या दगडावर असते, थंडीत तिथं कुणी बसत नाही. पण तिला निवांत बसलेली बघून मला इतकं बरं वाटलं की मी मोठ्यानं म्हणाले, "बसलीस गं बाई एकदाची."

ती वळली नाही. फणी वरून खाली आली, परत वर गेली.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला, "आण्णा, आजून अर्धी घ्या की." मी खिडकीकडं पाहिलं. चंदन चुलीपुढं उभी होती, जांभळ्या साडीत, केसांचा बुचडा बांधून. मी परत दगडाकडं पाहिलं. दगड मोकळा होता. त्याच्यावर केसांचं गुंतवळ तेवढं पडलं होतं, आणि वारा नसताना ते हलत होतं.

मी घरात आले आणि दार लावून घेतलं. सासूबाईंनी विचारलं काय झालं. म्हटलं काही नाही, शेंगा किडक्या निघाल्या.

त्यानंतर ती मला वरचेवर दिसायला लागली, नेहमी त्याच वेळेला. कधी हाताला तेल चोळताना, कधी नखं काढताना, कधी नुसतीच दोन्ही हात मांडीवर ठेवून उसाकडं बघत. काही वाईट करत नव्हती. जे चंदनला करायला कधी सवड झाली नाही, तेवढंच करत होती. आणि तिकडं चंदन विरत चालली होती, धुऊन धुऊन पातळ झालेल्या लुगड्यासारखी. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरायच्या. भरतेश "चंदन, कुठं हायस?" म्हणून हाका मारायचा आणि ती त्याच्या शेजारीच टॉवेल घेऊन उभी असायची. एकदा आण्णांनी तिच्या अंगावरून हात पुढं करून तांब्या उचलला, वाटेत कुणी नसल्यासारखा.

शेवटी मी तिला भिंतीशी गाठलं. म्हटलं, "चंदन, तुज्या दगडावर कोण बसतं?"

ती दचकली नाही. थकलेल्या चेहऱ्यानं म्हणाली, "तुमालाबी दिसली व्हय, राजाक्का? मला वाटलं, मलाच दिसती. दिवाळीपासनं येती."

"भ्या न्हाई वाटत?"

"आदी वाटलं. आता न्हाई. मी तवा तापवते, ती डोस्क्याला तेल लावती. मी भांडी घासते, ती पाय पसरून बसती. खरं सांगू? मला तिचा हेवा वाटतो."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मी चिडते. तिला ओढत आष्ट्याला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, रक्त फार कमी आहे म्हणाल्या, गोळ्या दिल्या, वेळेवर जेवा म्हणाल्या. चंदनने मान हलवली. गोळ्या घरी नेऊन फळीवर ठेवल्या, आणि त्या जेवणानंतर घ्यायच्या असल्यामुळे तशाच राहिल्या. आण्णांना मी सगळं सांगून पाहिलं. ते म्हणाले, "आमच्यात भूतबित मानत न्हाईत, पोरी." मी म्हटलं, भूत नाहीच ते, आण्णा. पण मग काय आहे ते मला सांगता येईना.

मग तो दिवस आला.

मी भिंतीशी उभी होते. दिवस उसावर अजून हातभर होता. दगडावर ती बसली होती, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून ब्राह्मी आडवी झाली होती. पोरीच्या चपला उलट्या पायात. ती बाई तिच्या केसांतून हात फिरवत होती, सावकाश, अगदी आईनं फिरवावा तसा. पोरगी काहीतरी सांगत होती आणि बाई मान झुकवून ऐकत होती.

"ब्राह्मी," मी हाक मारली. "हिकडं ये."

पोरगी हलली नाही. खिडकीत चंदन दिसली. तिनंही पाहिलं होतं. हात तव्यावर तसाच राहिला होता, भाकरी जळून धूर निघत होता. तिनं तोंड उघडलं, पोरीचं नाव घेतलं, मला ओठ हललेले दिसले. आवाज आला नाही. आतमध्ये ताटांवर बसलेल्या कुणाच्याच कानावर तो गेला नाही. भरतेश म्हणाला, "कायतरी करपतंय गं," आणि मान वर न करता घास घेतला.

मला त्या क्षणी स्वच्छ कळलं, आज चंदन गेली तर उद्यापासून त्या घरात दुसरीच वावरेल, आणि कुणाला फरक कळणारही नाही.

या वयात भिंतीवरून उडी मारली. गुडघा फुटला. मागच्या दारानं सरळ स्वयंपाकघरात शिरले आणि चंदनला विचारलं, "पहिली भाकरी कुनाची?"

"गायीची." अगदी खोल विहिरीतून यावा तसा आवाज.

"शेवटची?"

"कुत्र्याची."

"आनि तुजी कुटली?"

तिनं दुसऱ्यांदा वाढायला काढलेल्या भाकरींच्या दुरडीकडं पाहिलं. खरंच शोधली. एकेक भाकरी उचलून बघितली, ही अरिहंतची, ही यांची, ही आण्णांची आमटीत कुस्करायची. सगळ्या संपल्या तरी तिची सापडली नाही.

"पर माजा नियम हाय, अक्का," ती म्हणाली. "दिवस बुडायच्या आत..."

"बुडायच्या आत काय? पुरं बोल."

"बुडायच्या आत जेवायचं," ती म्हणाली, आणि थांबली. आपलेच शब्द पहिल्यांदा ऐकल्यासारखी. "बुडाल्यावर जेवायचं न्हाई, येवडंच पाळलं मी. बुडायच्या आत जेवायचं, ते कवाच पाळलं न्हाई. निम्माच नियम पाळत आले."

आण्णांचा घास हातातच राहिला. नियमाचा माणूस, त्यांना ते बरोबर जाऊन लागलं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः उठून दुसरं ताट घेतलं, स्वतःच्या ताटातली न मोडलेली भाकरी त्यात ठेवली, भाजी वाढली आणि सुनेपुढं धरलं. म्हणाले, "दिवस हाय आजून. जा, बस." भरतेशने चूल विझवली.

चंदन ताट घेऊन परसात गेली. मी दारातच थांबले, पुढं जायचा धीर झाला नाही. ती दगडापाशी पोचली. बसलेल्या बाईनं वर पाहिलं नाही. एसटीत एखादी बाई दुसरीसाठी सरकते ना, तशी ती बाजूला सरकली आणि जागा करून दिली. चंदन बसली. दोन पाठी, दोन जांभळ्या साड्या, मध्ये ब्राह्मीचे केस. चंदनने घास तोडला. पहिला, दुसरा. उन्हाची तिरीप कडुलिंबाच्या फांद्यांखालून आत आली, मी डोळ्यांवर हात धरला, आणि हात काढला तेव्हा दगडावर एकटी चंदन बसून जेवत होती. रडत होती, आणि जेवत होती.

"तिच्याकडं का गेलीस गं?" तिनं पोरीला विचारलं.

"कुनाकडं? तूच की," ब्राह्मी म्हणाली. "बसली व्हतीस म्हनून आले. तू कवा बसतच न्हाईस." मग डोकं नीट टेकवून म्हणाली, "आता तुजी मांडी गरम झाली."

तेव्हापासून चंदन आधी जेवते, सगळ्यांबरोबर, बसून. भाकरी दुरडीत गार झाल्या तरी कुणी मेलेलं नाही. रविवारी केसांना तेल लावते, डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या संपवल्या, बांगड्या मनगटावर थांबतात. हाक मारली तर गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाते. मी गावभर सांगत सुटले, की बायांनो, आपापली भाकरी आधी बाजूला काढा. उपदेश करायला मला फार आवडतं.

परवा मी सकाळीच आष्ट्याला गेले. सासूबाईंची औषधं, म्हशीची पेंड, दळण, बँक. परत आले तेव्हा ऊन कललं होतं. परसात आले तर चंदन भिंतीशी उभी.

"राजाक्का, दुपारी किती हाका मारल्या तुमाला," ती हसत म्हणाली. "मागच्या पायरीवर बसून टाचंला तेल चोळत हुता. लय बरं वाटलं बगून. पर वळला न्हाईसा."

माझ्या टाचा दोन हिवाळे भेगाळलेल्या आहेत. तेलाची बाटली कुठं आहे, मला आठवतही नाही. तिची नजर माझ्या हातातल्या पिशवीवर गेली, एसटीच्या तिकिटावर गेली, आणि तिचं हसू मावळलं.

घरातून सासूबाईंचा आवाज आला, "राजे, अगं कुटं हायस? कवाधरनं हाका मारतीया." मी दोनदा ओ दिली होती. परसात यायच्या आधी त्यांच्या खाटेशी उभी राहून दिली होती.

"जेवलासा का?" चंदनने विचारलं, आणि या वेळी ती उत्तरासाठी थांबली.

तोंडात 'झालं' आलंच होतं. ते गिळलं. "न्हाई गं," मी म्हणाले. "सकाळपासनं न्हाई."

तिनं भिंतीवरून ताट दिलं. मी पिशवी खाली ठेवली आणि मागच्या पायरीवर टेकले. पायरी गार होती. माझ्या शेजारी कुणीतरी सरकून जागा केली.