ताणाच्या दिवसांतले पाणी

पन्नाशीनंतर संगणकाची भाषा शिकलेल्या माणसाने तिच्याविषयी चारचौघांत लिहावे, हे धार्ष्ट्यच. जाणत्यांनी क्षमा करावी. अकोल्यातल्या महाविद्यालयात मी आयुष्यभर इतिहास शिकवला. रिॲक्टिव्ह प्रोग्रॅमिंगने मला भुरळ घातली ती त्याच्या तत्परतेमुळे: एक गोष्ट बदलली की तिच्यावर अवलंबून असलेले सारे आपोआप बदलते. कितीही गुंतागुंतीच्या प्रश्नाला ही रीत पुरेल, असे मला वाटे.

त्या वर्षांत मोर्शीकडे संत्र्याच्या बागा वाळत होत्या, तोडल्या जात होत्या. भाऊजी वारल्यावर ताईची बाग तरी टिकावी, म्हणून मी तिथे अशी यंत्रणा बसवली. माती कोरडी झाली की पंप आपणच सुरू होई.

पौषात ताईचा फोन आला. "शिकला तं लय तू; पन ताण कशाले म्हनते, हे तुह्या डब्याले कोन सांगन?"

आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी, झाडांचे पाणी तोडतात. पाने मलूल होतात, झाड मरणाला टेकल्यासारखे दिसते, आणि मग दिलेल्या पाण्याने फुलते. तो ताण. माझी यंत्रणा मात्र दर कोरडेपणाला पाण्याने उत्तर देत होती.

मी गेलो, ताणाचा नियम लिहिला. पंप थांबला. ताई बागेतून एक फेरी मारून आली. मग म्हणाली, "विहिरीजवळच्या झाडाचं कावून बंद केलं?"

"त्यालाही ताण नको का?"

"तुह्या भाऊजीले पाहवत नोयतं ते. साऱ्या बागेले ताण देत, अन् त्या एका झाडाले दुपारी चोरून बादली टाकत. मी भांडो. यंदा दुपारी पंप आपसूक सुरू झाला का मले वाटे, आले." ती हसली. "येडी झाली म्हनशीन."

मी फोन उघडला. त्या झाडापुरता अपवाद लिहिला: ताणातही दुपारी त्याला पाणी.

बाग फुलली. ते एक झाड हिरवेगार, बिनफुलांचे. परंतु ताई आता दुपारची कुठे जात नाही, लेकीकडेसुद्धा नाही. विहिरीपाशी बसते, चहाचे दोन कप भरते. पंपाची घरघर सुरू झाली की झाडाकडे पाहून हळू आवाजात भांडते. परवा मी शेजारी होतो. आवाज आला, आणि नियम स्वतः लिहिलेला असूनही माझी मान तिकडे वळली.

तो अपवाद माझ्या फोनवरून एका बोटाने पुसता येतो. तुम्ही पुसला असता का?