कुंडीतलं दुसरं झाड

माझा मामा कवळ्या बनवायचा. घराच्या मागच्या खोलीत प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत, त्यामुळे गिऱ्हाईक आलं नाही तरी त्याला सोबत भरपूर होती. हाताशी काम उरलं नाही की माणसं फिरायला जातात, पत्ते कुटतात. मामाने मेपलचं झाड लावायचं ठरवलं, तेही बियांपासून. लालभडक झालेलं मेपल त्याने कॅलेंडरवर पाहिलं होतं.

मेपलच्या बिया पंखवाल्या असतात. मामाने एकेक उजेडात धरून पारखली, ओल्या वाळूत घालून कवळीच्या डबीत भरली आणि डबी फ्रिजमध्ये ठेवली. उगवण्याआधी या बियांना एक हिवाळा सोसावा लागतो, असं त्याचं म्हणणं. तो त्यांनी दुसऱ्या कुणाच्या तरी फ्रिजमध्ये सोसावा, असं मामीचं म्हणणं. एका पाहुण्याने लोण्याची म्हणून ती डबी उघडली. तो पुन्हा त्यांच्याकडे फिरकला नाही, याचं खापर मामीने मेपलवर फोडलं.

एकच बी उगवली. मामाने रोप बाल्कनीतल्या मोठ्या कुंडीत लावलं आणि येईल त्याला सांगायला लागला, "हे लाल झालेलं बघितल्याशिवाय मी कुठे जात नाही."

"मग भाजी कोण आणणार?" मामी विचारायची.

थंडीच्या तोंडावर मामाच्या छातीत दुखायला लागलं. ऑपरेशन झालं, दवाखान्यातला मुक्काम लांबला. मामी रोज जायची. मामा आधी झाडाची चौकशी करायचा, मग तिची. "छान आहे," ती सांगायची. छान अजिबात नव्हतं. पानं तपकिरी पडून सगळी गळली होती आणि कुंडीत नुसती काडी उभी होती. हे कळलं तर मामा हाय खाईल, असं मामीच्या मनाने घेतलं. तिने काडी उपटून कचऱ्यात टाकली आणि नर्सरीतून साधारण तेवढंच एक हिरवंगार रोप आणून तिथे लावलं.

मामा घरी आला त्या दिवशी मी तिथेच होते. चपला न काढता तो बाल्कनीत गेला. मामी हातातली औषधांची पिशवी तशीच धरून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"चांगलं सांभाळलंस," मामा म्हणाला.

मामीने पिशवी खाली ठेवली आणि चहा टाकायला गेली.

"हे मेपल नाही," मामा मला हळूच म्हणाला.

"मग ते कुठे गेलं?"

"पानं गळली असणार. थंडीत गळतातच ती, उन्हं वाढली की नवी येतात. हिला वाटलं, मेलं. सांगायचं राहूनच गेलं माझं."

"मग आता सांग."

"काय सांगू? जिवंत झाड फेकलंस म्हणून?"

पुढचं वर्षभर मामाने त्या परक्या रोपाचं सगळं केलं. पानं पुसली, खत घातलं. रोपाने आपला हिरवेपणा सोडला नाही. पुन्हा थंडी आली तशी मामीची झोप उडाली. "लाल कधी होतं गं ते?" ती मला फोन करून विचारायची. मला तिची दया यायची आणि मामाचा रागही यायचा.

शेवटी एका सकाळी तो औषध घेत असताना ती म्हणाली, "अहो, ते तुमचं झाड नाही. तुमचं माझ्या हातून मेलं. रोज पाणी घालत होते हो मी, तरी सगळी पानं गळली." आणि ती रडायला लागली.

मामाने चमचा खाली ठेवला.

"बीच पोचट होती," तो म्हणाला. "माझी पारख चुकली. त्यात तुझा काय दोष?"

मामीने पदराने डोळे पुसले. "मला तेव्हाच वाटलं होतं," ती म्हणाली. "पण तुम्ही ऐकता कुठे कुणाचं?"

"नाही ऐकत," मामा म्हणाला.