अठ्ठावन्नाव्या वर्षी तान्हा पोळा

कुठलीही नवी वस्तू हातात आली की काकू आधी ती कानाशी धरून हलवायच्या. मग डोळे बारीक करून विचारायच्या, "आतमंदी काय हाय पण?"

वस्तू कोणाची आहे, महाग आहे का, असले प्रश्न त्यांना पडत नसत. घड्याळ असो, मिक्सर असो, नाहीतर पाहुण्यांच्या मुलीची बोलणारी बाहुली असो. बाकीच्या बायका कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोचतात, काकूंच्या कमरेला छोटा पेचकस असायचा. पाहुणीची मुलगी रडायला लागेपर्यंत बाहुलीची पाठ उघडलेली असायची. आणि ती रडून संपेपर्यंत बाहुली पुन्हा बोलायला लागलेली असायची, पहिल्यापेक्षा जरा घोगऱ्या आवाजात.

जोडून झाल्यावर एखादा स्क्रू हमखास उरायचा. काकू तो डब्यात टाकून म्हणायच्या, "उरला तं उरला. कंपनीनं जास्तीचा देल्ला असन."

चांदूर बाजारला आमच्या घरासमोर काका-काकूंचं घर. काकांचं विजेच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान होतं, पण जळालेल्या मोटारीत नवी तांब्याची तार भरायचं काम काकू घरी ओट्यावर बसून करायच्या. उन्हाळा लागला की गावातले निम्मे कूलर त्यांच्या हाताखालून जायचे. तार भरताना त्यांची बोटं इतकी भराभर चालायची की मी शाळेचं दप्तर पाठीवर तसंच ठेवून बघत उभी राहायची. तुम्हीही राहिला असता.

आमच्या घरी तेव्हा सगळ्या वस्तूंना एकच नियम होता, हात लावायचा नाही. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, रबर लावलेला. बाबा बाजार समितीत पोती उचलायचे, एक वस्तू घरात यायला दोन-तीन वर्षं लागायची, त्यामुळे त्यांचंही चुकत नव्हतं. पण काकू एकदा घरी आल्या, रिमोट बघितला आणि पिशवी टराटरा फाडून मोकळ्या झाल्या. आई ओरडली, "अवो, खराब होईन ना तो!"

"होऊ दे ना. तुह्या पोरीले बटनाचा आवाज तं येऊ दे."

मग त्यांनी माझ्या हातात रिमोट दिला. बटणाचा तो 'टिक' मला अजून बोटात जाणवतो.

काकूंचं माहेर अकोल्याकडे, हिवरखेडला. तिथं लहानपणी त्यांनी ज्वारीच्या धांड्यांची, म्हणजे वाळलेल्या ताटांची, गाडी केली होती, चाकंसुद्धा धांड्यांचीच. ही गाडी सांगताना त्या हातांनी चाकं फिरवून दाखवायच्या. पुढे जत्रेतून आणलेली चावीची मोटार, फुटलेल्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक, लग्नात काकांना मिळालेलं घड्याळ. ते घड्याळ त्यांनी लग्नानंतर आठव्या दिवशी उघडलं. सासू म्हणाली, असली सून पाहिली नाही. काकांनी चष्मा पुसला. काकांचा तो स्वभावच. काहीही झालं की ते फक्त चष्मा पुसायचे.

मग टेपरेकॉर्डर आला, कॅल्क्युलेटर आला, बटणांचा मोबाइल आला. प्रत्येकाची गोष्ट काकूंना पहिल्या दिवसासकट पाठ. मी बारावी झाल्यावर बाबांनी मला स्मार्टफोन घेऊन दिला तेव्हा मी तो आधी काकूंना दाखवायला नेला. त्यांनी कानाशी हलवला, उलटा केला, कडा चाचपल्या आणि त्यांचा चेहराच पडला.

"याले इस्क्रूच नाही व! हे कायचं यंत्र?"

पण दोनच दिवसांत त्या त्याच फोनवर अमरावतीच्या एका मुलाचे खेळण्यातल्या गाड्या दुरुस्त करायचे व्हिडिओ बघत होत्या. मध्येच थांबवून त्याला सांगायच्या, "अरे बाबू, तार उलटी लावून राहिला तू!"

गल्लीतल्या एका लग्नात ड्रोन आला होता. सगळे नवरीकडे बघत होते, काकू वर. ड्रोन मांडवाच्या मागे गेला तर काकूही मागे, लग्नातली रेशमी साडी वर खोचून. शेवटी ड्रोनवाल्या मुलाला गाठलं. "बाबू, मले एकदा धरू दे. उडवत नाही, फक्त धरते." त्याने बिचाऱ्याने दिला. अक्षता पडल्या तेव्हा काकूंच्या एका हातात ड्रोन होता आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत अक्षता तशाच.

आता त्या घराला कुलूप आहे. दिवाळीनंतर काका-काकू मुलाकडे पुण्याला गेले, काकांच्या गुडघ्यांसाठी, ते तिथेच राहिले. त्यांच्या जाण्याआधीचा तान्हा पोळा मात्र मला सांगायचाच आहे.

ज्यांच्याकडे हा सण नसतो त्यांच्यासाठी सांगते. पोळ्याला खरे बैल सजतात, आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलं लाकडी बैल सजवतात. चाकांचे बैल, गळ्यात दोरी. चौकात रांग लागते, बक्षिसं असतात, मग मुलं घरोघरी बैल नेतात. घरातली बाई बैलाला ओवाळते आणि मुलाच्या हातावर बोजारा ठेवते, म्हणजे नाणं, चॉकलेट, जे असेल ते.

गल्लीतल्या मुलांचे बैल दरवर्षी काकूच सजवायच्या. सजवायच्या म्हणजे काय? एकाच्या डोळ्यांत दिवे बसवले, एकाची मान जुन्या डीव्हीडी प्लेअरच्या मोटारीवर हलती केली. लाल डोळ्यांच्या बैलाला बघून एक छोटा घाबरून रडला म्हणून रातोरात पिवळे दिवे लावले. बक्षीस आमच्याच गल्लीत यायचं. काकू ओट्यावरून बघायच्या.

त्या वर्षी मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, अमरावतीहून पोळ्यासाठी घरी आले होते. काकूंनी हाक मारली. ओट्यावर एक नवा बैल होता, पांढरा, गुडघ्याएवढा. खाली रिमोटच्या गाडीची चाकं, पोटात फवारणीच्या पंपातली बॅटरी. काकूंनी बटण दाबलं. डोळ्यांतले दिवे लागले, मान हलली, शेपटी फिरली आणि बैल आपला आपण ओट्यावर चालायला लागला! मी ओरडलेच.

"कोणाचा हा, काकू?"

"माहा." त्यांनी बैल उचलून मांडीवर घेतला. "माहेरी खरे बैल होते, तं दोरी भावाच्या हाती. पोरीनं काहून धराव, म्हणत. इथं आली तं लेकरायचे बैल. दरसाली दुसऱ्याच्या हाती देल्ले. अवंदा मी धरीन. रांगेत उभी राहीन अन् घरोघरीबी जाईन."

काका आतून म्हणाले, "बह्याड झाली हे. सात वर्षांपासून हेच सांगून राहिली."

रांगेची यादी पोळा समितीचे अध्यक्ष करतात. ते आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. आठवीपासून ती यादी मी लिहिते, अक्षर चांगलं म्हणून. काकू नाव द्यायला आल्या तेव्हा मी टेबलाशीच होते.

"सर, माह्या बैलाचं नाव लिहा."

"कोन्या पोराच्या नावानं, वहिनी?"

"पोराच्या नाही. माह्या."

सर हसले. टेबलाभोवतीचे सगळेच हसले. "वहिनी, हे लेकरायचं असते. बारा वर्षांच्या आतलं."

"मी बारा वर्षांची होती तवा कोनी धरू देल्ला?"

"ते मले काय माहीत? तुमी असं करा, एखाद्या पोट्ट्याच्या हाती द्या अन् मागं उभ्या राहा."

बैलाच्या पोटाखालचं बटण काकू चालू करत होत्या, बंद करत होत्या. मग बैल काखेत घेऊन घरी गेल्या.

मी सरांना कधी उलट बोललेले नाही. तेव्हाही बोलले नाही. मी मान खाली घालून यादी पूर्ण केली आणि शेवटच्या ओळीत, नेहमीपेक्षा जरा चांगल्या अक्षरात, काकूंचं नाव लिहिलं. पुढे वय लिहिलं. मग काकूंच्या घरी जाऊन फक्त एवढंच सांगितलं की बैल घेऊन चौकात या.

सरांची एक सवय आहे. हातात कागद आणि समोर माइक असला की ते कागदावर असेल ते सगळं वाचतात, एकाच सुरात, न थांबता. एकेक मूल पुढे येत होतं. वय सात. वय नऊ. वय साडेपाच. शेवटी सरांनी काकूंचं नाव वाचलं, काकांच्या नावासकट, आणि त्याच सुरात म्हणाले, "वय अठ्ठावन्न."

सरांनी कागद चष्म्याजवळ नेला, मग माझ्याकडे बघितलं. माइक चालूच होता.

"हे तूच लिहिलं काय?"

"हो सर."

"चुकून?"

"नाही सर."

माझा तो आवाज माइकवरून सगळ्या चौकाला ऐकू गेला. गर्दीच्या टोकाला काकू बैल घेऊन उभ्या होत्या, नवी साडी, कपाळावर मोठं कुंकू. त्या ना पुढे येत होत्या, ना मागे जात होत्या. सरांनी कागदाची घडी घातली. पुन्हा उघडली. मग माइकमध्ये म्हणाले, "या वहिनी, पुढं या. लवकर या, बाकीचे लेकरं खोळंबले."

काय टाळ्या पडल्या! पोट्टे शिट्ट्या मारायला लागले. काकूंनी बैल खाली ठेवला, रिमोट काकांच्या हातात दिला आणि स्वतः दोरी धरली. काकांनी चष्मा पुसला आणि बटण दाबलं. बैल मान हलवत निघाला. ओढायची काहीच गरज नव्हती, दोरी सैल होती, तरी काकूंनी ती दोन्ही हातांनी धरली होती.

पहिलं बक्षीस साडेपाच वर्षांच्या मुलाला मिळालं. काकूंना त्याचं काही नव्हतं, त्या आमच्या गल्लीकडे वळल्या होत्या. पण पहिल्या दाराशी, म्हणजे आमच्याच दाराशी येऊन थांबल्या. इतकी वर्षं त्या स्वतःच्या दारातून बोजारा देणाऱ्या. मागायचं कसं ते त्यांना सुचेना.

आईच ताट घेऊन बाहेर आली. तिने बैलाला कुंकू लावलं, ओवाळलं. मग काकूंकडे बघितलं आणि लहान मुलांना म्हणतो तसं म्हणाली, "हात कर पुढं."

काकूंनी हात पुढे केला. आईने त्यावर नाणं ठेवलं, वर एक चॉकलेट ठेवलं.

काकूंनी चॉकलेटचा कागद तिथंच काढला, ते गालात धरलं आणि मागे वळून काकांना म्हणाल्या, "चाला, बटन दाबा!"

आमच्या गल्लीत बावीस घरं आहेत. काकूंनी एकही सोडलं नाही.