गवती छपरांची नोटीस

ती नोटीस माझ्याच हाताने लिहिलेली होती. माझं अक्षर चांगलं, म्हणून मॅट्रिक होताच कमेटीत मला कारकुनी मिळाली. नगरपालिकेला आमच्याकडे सगळे कमेटीच म्हणत. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, मोठ्या कामाला लोक नागपूरला जात, आणि मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या गावाला आपण शहर झालो असं नुकतंच वाटू लागलं होतं.

त्या उन्हाळ्यात तलावाच्या पाळीखालची, म्हणजे बांधाखालची, घरांची एक ओळ जळाली. वारा होता आणि छपरं गवताची. बादल्या पुढे देणाऱ्यांच्या रांगेत मीही होतो. अंथरुणाला खिळलेला एक म्हातारा आतच राहिला. त्याला आम्ही बाहेर काढलं तेव्हा उशीर झाला होता. म्हणून दिवाळीनंतर कमेटीने ठराव केला, तेव्हा मला तो पटला. हद्दीत गवती छप्पर चालणार नाही, होळीपर्यंत कवेलू, म्हणजे कौलं, किंवा टिन घालावं, नाहीतर कमेटी छप्पर उतरवेल. मी मन लावून त्याच्या नकला केल्या.

शेवटची नक्कल करता करता लक्षात आलं की मी स्वतः गवती छपराखालीच राहतो.

माझी घरमालकीण ढीवर समाजातली, चाळिशीची विधवा बाई होती. पहाटे तलावावर जाळ्यांपाशी जायची आणि बाजारात मासोळ्या विकायची. कुडाच्या भिंतींच्या तिच्या घरातली पुढची खोली तिने मला दिली होती. गवती छप्पर होतं म्हणूनच ती खोली माझ्या पगारात बसत होती. नोटिशीचं मी तिला सांगितलं नाही. एक दिवस गेला, दोन गेले. जेवण गोड लागेना. ऑफिसातून आलो की मी घरात न थांबता तलावाला फेरी मारायचो. पाळीवर बायका भांडी घासत असायच्या आणि मला वाटायचं, यांतल्या प्रत्येकीचं छप्पर मी लिहून खाली उतरवलंय.

चौथ्या दिवशी डफ वाजवत मुनादीवाला आला आणि ठराव ओरडून गेला. बाई टोपली डोक्यावर घेऊन दारात उभी होती. तिने टोपली खाली ठेवली.

"बाबू, हे खरं हाये?"

"खरं आहे."

"तुमाले मालूम होतं?"

"होतं."

तिने टोपलीतल्या मासोळ्यांवर ओलं फडकं ओढलं. रागावली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "मंग कवेलू टाकू. सारेच टाकतीन."

दुसऱ्या दिवशी मी बाजारातल्या एका मुसलमान सुतारमिस्त्रीला घेऊन आलो. माणूस सरळ होता. त्याने कुडाच्या भिंतीला खांदा लावला, आढ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"बाई, या कुडावर कवेलू नाई टिकत. वजन लय असते. पयले खांबाले सागाच्या बल्ल्या पायजे, मंग मातीची भिंत. बल्ल्याईले जंगल खात्याचा परवाना लागते."

म्हणजे ठराव छपराचा होता, पण त्याखाली अख्खं घर येत होतं. टिन हलकं होतं, पण त्याची किंमत बाईच्या आवाक्याबाहेर होती. शिवाय गावभर कवेलूंची एकदम मागणी आल्यामुळे कुंभारांना उसंत नव्हती. मिस्त्री आणि गवंडी यांची मजुरी महिनाभरात चढली. मिस्त्री स्वतःच म्हणाला, "माझ्यासाठी बेस हाये, खोटं काऊन बोलू? पण तुमच्यासाठी नाई."

मी ऑफिसात जाऊन मूळ ठराव पुन्हा काढला. तळाशी एक कलम होतं. अडचण असलेल्याने अर्ज केल्यास एक वर्षाची सवलत देता येईल. नकला करताना मीच ते लिहिलं होतं आणि विसरलो होतो. मुनादीवाल्याने ते ओरडलंच नव्हतं, त्याला वरचा अर्धाच भाग सांगितलेला होता.

त्या संध्याकाळपासून मी बाईच्या ओट्यावर बसून अर्ज लिहू लागलो. आधी तिचा, मग शेजारणीचा, मग पाळीखालच्या सगळ्यांचा. लोक अंगठा उठवायचे, मी नाव लिहायचो. आठवड्याने आमचे हेडक्लार्क, मोठे बाबू, यांच्या टेबलावर एकाच अक्षरातल्या अर्जांचा गठ्ठा पडला. त्यांनी मला बोलावलं.

"हे अक्षर कोणाचं आहे, मला विचारायची गरज नाही," ते म्हणाले. "तू पगार कोणाचा घेतोस?"

"कमेटीचा."

"आणि काम कोणाचं करतोस?"

मी म्हणालो, कलम कमेटीचंच आहे. त्यांनी गठ्ठा आपल्याकडे ओढला. रागावलेले नव्हते, थकलेले दिसत होते. अर्ज मंजूर झाले आणि माझी बदली मूल रस्त्यावरच्या जकात नाक्यावर झाली.

वर्षभरात ज्यांच्या भिंती मातीच्या होत्या त्यांनी कवेलू घातले. कुडवाल्यांपैकी बहुतेकांनी हद्दीबाहेर, नाल्यापलीकडे जागा धरली. तिथे कमेटीचा कायदा नव्हता आणि विहीरही नव्हती. बाईही गेली. तिचं छप्पर आम्ही सुटं केलं तेव्हा मी वर चढून दोऱ्या कापत होतो आणि ती खालून गवताच्या पेंढ्या झेलत होती. गवत तिने टाकलं नाही, नवीन घरावर तेच चढवलं. मला कवेलूच्या घरात खोली मिळाली ती दुप्पट भाड्याची. दोघे शिक्षक भागीदार घेतले तेव्हा परवडली.

नाल्यापलीकडच्या बायकांनी मिळून एक बैलबंडी ठरवली होती. हद्दीबाहेरच्या दुसऱ्या, दूरच्या तलावावरून मासोळ्यांच्या टोपल्या बंडीत घालून त्या बाजारात यायच्या. पण त्याच सुमारास दुसरा ठराव झाला. बाजाराच्या रस्त्यावर मोटारबस अडते, म्हणून सूर्योदयानंतर बंड्या नाक्याच्या आत आणायच्या नाहीत. नाक्यावरच्या हमालांचं नशीब उघडलं. त्यांनी मजुरी वाढवली आणि ती मिळालीही. बायांना हमाल परवडत नव्हते. बंडी माझ्या नाक्याशी थांबायची आणि तिथून त्या टोपल्या डोक्यावर घेऊन, दोन-दोन खेपा करत बाजार गाठायच्या. तोवर ऊन वर आलेलं असायचं. गिऱ्हाईक मासोळीचा कल्ला उचलून पाहायचं आणि पुढे जायचं.

रोज सकाळी मला ते पाहावं लागे. नाक्याच्या लाकडी खोपटात मला बसवेना. येरझारा घालून पायाखालची माती टणक झाली होती. बाई जाताना फक्त "चाललो बाबू" म्हणायची. एका सकाळी तिच्या पायाला फडकं बांधलेलं होतं आणि ती लंगडत होती. मी नाक्याचा आडवा बांबू वर केला.

बंडीवाल्याने विचारलं, "जाऊ का खरंच?"

"जा."

बाई म्हणाली, "बाबू, तुमची नौकरी जाईल."

"तुम्ही जा."

बंडी बाजाराच्या तोंडाशी मोटारबसला आडवी आली. दुपार व्हायच्या आत मला निलंबित करून घरी बसवलं. पंधरा दिवस मी बिनकामाचा होतो. त्या पंधरा दिवसांत नागभीडपर्यंत पायी जाऊन आलो, काही कारण नसताना. परत घेतलं तेव्हा लेखी ताकीद मिळाली. मीही एक लेखी कागद दिला. मासोळी, भाजी, दूध अशा नासणाऱ्या मालाच्या बंड्यांना सकाळी नऊपर्यंत सूट द्यावी. मोठ्या बाबूंनी तो वाचला, फाइलीत लावला आणि सभेपुढे ठेवला. पहिल्यांदा तो फेटाळला गेला. दुसऱ्यांदा पुढे ढकलला. जिल्हा मुंबई राज्यात गेला, सदस्य बदलले, आणि मग एकदाचा तो मंजूर झाला.

तोवर बाई मासोळ्या विकत नव्हती. मूलच्या एका धानगिरणीत तिला काम मिळालं होतं. मी मुद्दाम सुट्टी घेऊन गेलो. गिरणीच्या मागे मजुरांच्या टिनाच्या खोल्यांची रांग होती. तिचे केस धानाच्या कोंड्याने पांढरे झाले होते. मला वाटलं म्हातारी झाली, मग तिने पदराने केस झटकले.

मी तिला नव्या नियमाचं सांगितलं.

"बेस झालं," ती म्हणाली. "ज्या बाया हायेत त्याईले कामी येईल."

"तुम्ही परत याल?"

"कुठी? जाळं विकलं मी." मग म्हणाली, "इथी हप्त्याचे पैसे हप्त्यालेच भेटते. पाय दुखत नाई. टिन लय तापते तेवढं. गवतात थंड लागे."

मी जळालेल्या ओळीचं बोलणार होतो, की टिनाला आग लागत नाही. तोंडापर्यंत आलं आणि गिळलं. ते खरं होतं आणि तिचंही खरं होतं. या दोन गोष्टी मला आजही एका जागी ठेवता येत नाहीत.

"बसा ना बाबू," ती म्हणाली. "आल्यापासून उभेच हायेत."

मी बसलो. तिने चहा ठेवला. तो उकळायच्या आत मी दोनदा उठून दारापर्यंत गेलो, परतीची मोटारबस आली का पाहायला. मोटारीला अजून तासभर अवकाश होता.